पेठेतले आड, बोअर आणि नायट्रेट : प्रकल्प नोंदी (मे २०२४ ते जानेवारी २०२५)

९ मे २०२४

क्षेत्र : पुण्याच्या जुन्या पेठांमधला सलग वस्तीचा एक तुकडा. चार आड-विहिरी (वि-१ ते वि-४) आणि चार बोअर (बो-१ ते बो-४). नळाचे पाणी सगळीकडे आहे, पण पाणीकपातीत आणि उन्हाळ्यात याच आडांवर आणि बोअरवर भागवले जाते. धुणीभांडी, फ्लश, बाग, कुंड्या, आणि टँकर आला नाही की काही घरांत स्वयंपाकसुद्धा. या शेवटच्या वापरासाठीच हे काम हाती घेतले आहे.

पहिलाच घोळ एककांचा. बो-१ असलेल्या सोसायटीकडे जुना तपासणी अहवाल आहे. त्यात ‘नायट्रेट १४’, भारतीय मानकाची मर्यादा ४५, म्हणून पाणी उत्तम, असा अर्थ लावून ते वापरात ठेवले आहे. खालच्या ओळीत बारीक अक्षरांत ‘नायट्रोजनरूपात’ असे लिहिले आहे. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली ४५ मिग्रॅ/लि. ही मर्यादा नायट्रेटरूपात आहे, आणि तिला सवलतीची वरची मर्यादा नाही. नायट्रोजनरूपातला आकडा ४.४३ ने गुणायचा (६२ भागिले १४). म्हणजे १४ चे ६२ झाले. पाणी मर्यादेबाहेर आहे आणि सोसायटीला ते ठाऊकच नाही.

रंग बदलणाऱ्या पट्ट्या आणि हातातले किट यांतही हाच धोका आहे. अमेरिकी मर्यादा १० आहे ती नायट्रोजनरूपात, जागतिक आरोग्य संघटनेची ५० आहे ती नायट्रेटरूपात. दोन्ही जवळपास एकच गोष्ट सांगतात. या नोंदींत यापुढे सगळे आकडे नायट्रेटरूपात, मिग्रॅ/लि. मध्ये, जिथे नाही तिथे तसे लिहू.

१४ मे

नमुने घेण्याआधी कागदावर हिशेब मांडला. पेठेत शेत नाही, खताचे पोते नाही, मग एवढे नायट्रेट येते कुठून, हा प्रश्न सगळे विचारतात.

माणसाच्या मलमूत्रातून रोज साधारण १० ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो, बहुतेक लघवीतून. त्याचे पूर्ण नायट्रेट झाले तर ४४ ग्रॅम. एवढ्याने हजार लिटर शुद्ध पाणी मर्यादेला टेकते. एक माणूस, एक दिवस, हजार लिटर.

हेक्टरी ५०० माणसे धरू. वर्षाचा नायट्रोजन १,८२५ किलो. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस असते. म्हणजे पेठेतल्या एका हेक्टरावर उसाच्या साडेचारपट नत्र दरवर्षी ‘पडते’, फक्त ते ड्रेनेजमधून वाहून जाईल असे आपण गृहीत धरतो. त्यातले दहा टक्के गळले असे मानले तर १८२ किलो, म्हणजे ८०८ किलो नायट्रेट जमिनीत.

आता ते पातळ करायला पाणी किती? पाऊस ७०० मिमी, त्यातला दहा टक्के मुरला तर ७०० घनमीटर. माणशी १३५ लिटरने नळाचे पाणी दिवसाला ६७.५ घनमीटर, त्यातली २० टक्के गळती वर्षाला ४,९३० घनमीटर. पाण्याचे ८० टक्के सांडपाणी होते, त्यातले दहा टक्के गळून १,९७० घनमीटर. सगळे मिळून ७,६०० घनमीटर. ८०८ किलो त्यात मिसळले की १०६ मिग्रॅ/लि.

हिशेब ढोबळ आहे. गळलेले सगळे पाणी खाली उतरत नाही, काही नत्र वाटेत हवेत जाते. पण त्यातून एक गोष्ट ठसठशीत दिसते : नळाच्या पाण्याची गळतीच आज भूजलाला पातळ करते आहे. ती गळती काढून टाकली आणि ड्रेनेजची तशीच ठेवली, तर हाच आकडा ३०० वर जातो. पाण्याच्या लाइनची दुरुस्ती आणि ड्रेनेजची दुरुस्ती एकत्रच व्हायला हवी. फक्त पहिली केली तर विहिरी बिघडतील आणि कारण कोणाला कळणार नाही.

२० मे

पावसाआधीचे नमुने.

बोअर : उघडला नळ आणि भरली बाटली असे चालत नाही. नळीत दिवसेंदिवस उभे राहिलेले पाणी खडकातल्या पाण्यासारखे नसते. १६५ मिमी व्यासाच्या बोअरमध्ये मीटरमागे २१.४ लिटर पाणी मावते. बो-२ साठ मीटर खोल, पाणी आठ मीटरवर, म्हणजे ५२ मीटरांत १,११३ लिटर. तिप्पट उपसायचे तर ३,३४० लिटर. मिनिटाला ४० लिटर देणाऱ्या पंपाला ८३ मिनिटे. टाकी भरण्याच्या वेळेलाच गेलो म्हणजे पाणी वाया जात नाही. नमुना टाकीआधीच्या तोटीवरून. विद्युतवाहकतेचे पाच-पाच मिनिटांनी घेतलेले तीन आकडे तीन टक्क्यांच्या आत आले की मगच बाटली.

आड : उपसून रिकामा करणे शक्य नाही. वि-३ चा व्यास १.८ मीटर, पाण्याची उंची ५ मीटर, म्हणजे १२,७०० लिटर. बादलीने वरचे पाणी काढले तर त्यात शेवाळ असते, आणि शेवाळ नायट्रेट खाते. बंद झाकणाचे नमुनापात्र दोरीला बांधून दोन नमुने घेतले : पृष्ठभागाखाली अर्धा मीटर आणि तळाच्या वर अर्धा मीटर. आडात कोणीही उतरायचे नाही, कितीही ओळखीचा आड असला तरी. तळाशी प्राणवायू नसलेली हवा साचलेली असू शकते.

जागेवरच मोजलेले : तापमान, सामू (पीएच), विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू. प्राणवायू नंतर प्रयोगशाळेत मोजण्यात अर्थ नाही. बाटल्या ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून भरल्या, बर्फाच्या डब्यात ठेवल्या. ४८ तासांत नायट्रेट मोजायचे. त्याहून उशीर होणार असेल तर लिटरमागे २ मिली सल्फ्युरिक आम्ल, पण मग नायट्रेट आणि नायट्राइट वेगळे सांगता येत नाहीत.

२२ मे

प्रयोगशाळा. अतिनील किरणांची पद्धत : २२० नॅनोमीटरवर नायट्रेट प्रकाश शोषते, सेंद्रिय पदार्थही शोषतात, २७५ वर फक्त सेंद्रिय पदार्थ. म्हणून २७५ च्या वाचनाची दुप्पट २२० मधून वजा करायची. क्युव्हेट (यंत्रात नमुना धरायची कुपी) क्वार्ट्‌झचीच हवी. काचेची किंवा साध्या प्लॅस्टिकची लावली तर २२० वर ती स्वतःच सगळा प्रकाश गिळते.

प्रमाण द्रावण : पोटॅशियम नायट्रेट १०५ अंशांवर २४ तास सुकवून ०.७२१८ ग्रॅम एका लिटरमध्ये. हे १०० मिग्रॅ/लि., नायट्रोजनरूपात. दहापट पातळ करून त्यातले ५, १०, २० आणि ३० मिली प्रत्येकी ५० मिली केले, म्हणजे १, २, ४, ६. प्रत्येक नमुन्यात आणि प्रमाण द्रावणात ५० मिलीमागे १ मिली एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. आपल्या बेसाल्टमधले पाणी बायकार्बोनेटने भरलेले असते. आम्ल विसरले तर आकडा फुगतो.

प्रमाण द्रावणांवरून काढलेला वक्र नायट्रोजनरूपात ७ पर्यंतच विश्वासाने वापरायचा, म्हणून आडांचे नमुने पाचपट पातळ केले. तपासणी म्हणून वि-१ च्या पातळ नमुन्यात, ५० मिलीत १ मिली मूळ प्रमाण द्रावण घातले. ६.०४ यायला हवे होते, ५.९० आले. घातलेल्यापैकी ९३ टक्के सापडले. चालेल.

वि-३ ने अडवले. २२० वर ०.९०, २७५ वर ०.०७. दुरुस्ती ०.१४, म्हणजे मूळ वाचनाच्या १५ टक्क्यांहून जास्त. दहा टक्क्यांवर गेली की ही पद्धत त्या नमुन्यासाठी बाद. या पाण्यात सेंद्रिय पदार्थ फार आहेत. तो नमुना आयन क्रोमॅटोग्राफला (एकेक आयन वेगळा करून मोजणाऱ्या यंत्राला) दिला.

२४ मे

नायट्रेट : वि-१ मध्ये ९२, वि-२ मध्ये ७८, वि-४ मध्ये ११८. बोअर अनुक्रमे ६१, २२, ८८, ५४. बो-१ चा जुन्या अहवालातला १४ आणि आजचा ६१ जुळतात.

आणि वि-३ : ६.

हा आकडा पाहून आडाशेजारच्या रहिवाशांनी लगेच विचारले, मग हेच पाणी प्यायला घ्यायचे ना? अजिबात नाही. वि-३ चे क्लोराइड २१० आहे, वि-१ चे १६५. अमोनिया नायट्रोजनरूपात ७.५, मर्यादा ०.५. विरघळलेला प्राणवायू ०.३, वि-१ मध्ये ४.१ आहे. कमी नायट्रेटचा हा आड आठही ठिकाणांत सगळ्यात घाण आहे.

कारण साधे आहे. ड्रेनेजच्या पाण्यात नायट्रेट नसतेच, असतो अमोनिया. तो मुरमाच्या कोरड्या थरातून, हवेच्या संगतीत झिरपत खाली गेला तर जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. एक ग्रॅम नायट्रोजनाला ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो. गळती आडाच्या अगदी कुशीत असेल, पाणी तुंबून सगळी हवा संपलेली असेल, तर अमोनिया अमोनियाच राहतो. आणि आजूबाजूने आलेले नायट्रेटसुद्धा जिवाणू प्राणवायूऐवजी वापरून त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. क्लोराइडला यातले काही होत नाही. ते जेवणातल्या मिठातून येते आणि तसेच राहते. म्हणून नायट्रेट कधीच एकटे वाचायचे नाही : क्लोराइड, अमोनिया आणि प्राणवायू सोबत हवेतच.

याउलट वि-४. पाणी नितळ, वास नाही, चव गोड, विष्ठाजन्य जिवाणूंची चाचणी निरंक, आणि नायट्रेट ११८. जिवाणू मुरमात अडकतात, मरतात. नायट्रेट पाण्याबरोबर सुखेनैव जाते. पिढ्यान्‌पिढ्या ‘आमच्या आडाचे पाणी गोड’ म्हणून प्यायले गेलेले पाणी हेच.

२९ मे

वि-३ पासून सात मीटरवर ड्रेनेजचे दोन चेंबर. मध्ये १८ मीटर लांबीची १५० मिमी चिनी मातीची जुनी लाइन, सिमेंटच्या जोडांची. पाणी भरून चाचणी घेतली.

दोन्ही टोकांना हवेने फुगणारे डाट, वरून काठीने बसवलेले. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय गटारसफाईला माणूस उतरवणे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी उतरवला नसता. लाइन आणि वरचा चेंबर आदल्या रात्रीच भरून ठेवला, कारण कोरडे प्लास्टर आधी स्वतःच पाणी पिते आणि ते गळतीसारखे दिसते. सकाळी पुन्हा काठोकाठ भरून अर्धा तास मोजले. चेंबर ०.९ गुणिले ०.६ मीटर. पातळी १४ सेंमी उतरली : ७६ लिटर. मग लाइनचे तोंड बंद करून फक्त चेंबरची चाचणी : ५ सेंमी, २७ लिटर. म्हणजे लाइनचे ४९.

या आकड्याला ४८ ने गुणून दिवसाची गळती काढायचा मोह होतो. काढू नये. चाचणीत लाइन पूर्ण भरलेली आणि दाबाखाली असते. रोज ती तळाशी बोटभर वाहते. चाचणी ‘कुठे’ सांगते, ‘किती’ फारसे सांगत नाही.

३ जून

समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंची) तपासणी करावी का, यावर चर्चा. नायट्रोजन-१५ चे प्रमाण रासायनिक खतात जवळपास हवेइतकेच असते, म्हणजे हवेशी तुलना करून मोजलेला फरक शून्याच्या आसपास. सांडपाणी आणि शेणखतात ते बरेच चढे असते. शहराच्या कडेला, जिथे ऊस आणि नव्या सोसायट्या शेजारी आहेत, तिथे ही तपासणी पैसे वसूल करून देईल. पेठेत खत नाही, त्यामुळे उत्तर आधीच ठाऊक आहे. शिवाय माणसाचे मलमूत्र आणि गोठ्याचे शेण ती वेगळे सांगू शकत नाही. रद्द. तो पैसा लाइनच्या चाचण्यांना.

१२ जून

पाऊस सुरू झाला. वि-१ आणि वि-४ दर तीन दिवसांनी.

पहिल्या चार-पाच सरींनंतर वि-१ ९२ वरून १०४ वर. पावसाने पातळ व्हायला हवे ना? आधी चढते, मग उतरते. उन्हाळाभर पाण्याची पातळी खाली गेलेली असते. तिच्या वरच्या मुरमात झिरपलेले नायट्रेट साठून बसलेले असते. पहिला पाऊस ते सगळे धुऊन खाली आणतो. वर्षातून एकच नमुना घ्यायचा आणि तो जूनच्या मध्याला घेतला तर आकडा फसवा येतो. मे आणि नोव्हेंबर हे दोनच महिने तुलनेसाठी धरायचे.

४ जुलै

रंगाची चाचणी. वि-३ कडे पाणी खरेच त्या चेंबरमधून जाते का, याचा पुरावा हवा. आदल्या आठवड्यात तीन आडांत (वि-१, वि-३, वि-४) आणि बो-३ मध्ये कोळशाच्या दाण्यांच्या जाळीदार पिशव्या (कोळसा पाण्यातला रंग धरून ठेवतो) सोडून कोरी पार्श्वभूमी घेतली. हे टाळता येत नाही : फरशी पुसायच्या काही हिरव्या द्रावणांत फ्लुरोसीनच (चाचणीत वापरायचा चमकणारा हिरवा रंग) असते, आणि कपड्यांच्या साबणातले उजाळा देणारे घटकही चमकतात.

२० ग्रॅम फ्लुरोसीन दहा लिटरमध्ये विरघळवून वरच्या चेंबरमध्ये ओतले, पाठोपाठ २०० लिटर पाणी. हातमोजे, जुने कपडे. चिमूटभर सांडले तरी आठवडाभर जिना हिरवा राहतो. नव्या पिशव्या सोडल्या. वि-३ मध्ये पिशवीची गरजच पडली नाही. नऊ तासांनी काढलेली बाटली निळ्या टॉर्चखाली धरली तर कच्च्या कैरीच्या सालीसारखा हिरवा. बाकीच्या पिशव्या आठवड्याने काढून अल्कोहोलातल्या कॉस्टिक पोटॅशने धुतल्या. वि-१ आणि वि-४ कोरे. बो-३ मध्ये पुसट, पण पार्श्वभूमीहून नक्की जास्त.

बो-३ तिथून तीस मीटरवर आहे आणि ५५ मीटर खोल. एवढ्या खोल बोअरला वरचे पाणी कसे पोचले?

१८ जुलै

बो-३ ची पाहणी. पंप काढला. दुपारी ऊन पडले तेव्हा आरशाने ते बोअरमध्ये टाकले. कॅमेरा मागवण्याआधी ही जुनी रीत वापरून पाहावी, निम्म्या वेळा ती पुरते. सहा मीटरवर केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला संरक्षक पाइप) संपते. त्याच्या लगेच खाली खडकाच्या फटीतून बोटाएवढी धार भिंतीला चिकटून खाली उतरते आहे. कान लावला तर त्या फटीपासून आठ मीटर खालच्या पाण्यात पडणारा ठिबकण्याचा आवाज स्पष्ट. पाण्याची पातळी १४ मीटर.

बेसाल्टमधल्या बोअरचे दुखणे बहुधा हेच असते. माती-मुरूम संपून कातळ लागला की केसिंग थांबते, केसिंगभोवतीची पोकळी सिमेंटने भरत नाहीत, आणि वरच्या भेगाळ थरातले घाण पाणी सरळ खोल थरात जाते. खाली दोन लाव्हा-प्रवाहांमधला लाल मातीसारखा घट्ट थर असतो. तो खरे तर खोल पाण्याचे रक्षण करतो, पण बोअरनेच त्याला भोक पाडलेले असते. बो-२ जवळपास त्याच खोलीचा, त्याच गल्लीतला, आणि त्याचे नायट्रेट २२ : त्याचे केसिंग १८ मीटर आहे. दोघांतला फरक बारा मीटर पाइपाचा.

२ ऑगस्ट

बो-३ मध्ये आतले केसिंग. १४० मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप आणला होता. भोवती फक्त १२ मिमी जागा राहते आणि सिमेंट सोडायची नळी जात नाही. वरून ओतलेले सिमेंट मध्येच अडकते आणि खाली पोकळ राहते. म्हणून ११३ मिमीचा पाइप, २० मीटर. भोवती २६ मिमी, २० मिमीची नळी जेमतेम बसते. किंमत अशी की चार इंची पंप आता जात नाही, तीन इंची घ्यावा लागला. पाइपच्या खालच्या टोकाला रबराची डबल सील.

पोकळी मीटरला ११.४ लिटर, एकूण २२७. पोत्यामागे २७ लिटर पाणी घातले की ४३ लिटर रबडी होते, म्हणून सहा पोती. एकदम ओतायचे नाही : सिमेंटच्या रबडीचा दाब पातळ पीव्हीसी चेपवतो. दोन-दोन पोत्यांचे तीन टप्पे, प्रत्येकामध्ये रात्र. नळीचे तोंड कायम रबडीत बुडालेले, खालून वर भरत यायचे. पहिल्या टप्प्यात वेळेआधीच नळी उचलली गेली आणि मध्ये पाणी शिरले. त्या रात्रीनंतर गज सोडून पाहिला तर अपेक्षेपेक्षा मीटरभर खाली लागला. दुसऱ्या टप्प्यात एक पोते वाढवले.

१९ ऑगस्ट

वि-१ : ७१. नेहमीसारखा पावसाळी उतार.

१० सप्टेंबर

वि-३ जवळची १८ मीटरची लाइन बदलली. १६० मिमी पीव्हीसी, रबर रिंगचे जोड, खाली १० सेंमी वाळू, उतार शंभरात एक. खणताना दिसले : तिसऱ्या आणि पाचव्या जोडातून पिंपळाच्या मुळ्या आत, आणि त्या जोडांखालचा मुरूम हातभर खोलीपर्यंत काळा, दलदलीसारखा. इतरत्र पिवळा, कोरडा. काळे पडणे म्हणजे प्राणवायू संपणे. वि-३ मध्ये जे आकड्यांत दिसले ते इथे हातात घेता आले.

चेंबरला आतून जलरोधक प्लास्टर, तळाला गोलाई. सात दिवस मुरल्यावर पुन्हा पाणी भरून चाचणी : अर्ध्या तासात मोजता येण्याजोगा उतार नाही.

७ ऑक्टोबर

सोसायट्यांची विचारणा : आरओ लावले की झाले ना?

नायट्रेट उकळून जात नाही. एक लिटरचे ८०० मिली होईपर्यंत उकळले तर ४० चे ५० होते. बाटलीने दूध पाजणाऱ्या घरात हे नीट सांगायला हवे : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पावडरचे दूध उकळलेल्या आडाच्या पाण्यात कालवणे हीच सगळ्यात धोक्याची सवय. बाळाच्या रक्तातला प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने कमी होते, ओठ-नखे निळी पडतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी हा संबंध जोडला. आज जगभरातल्या मर्यादा मुळात त्याच दुखण्यापासून बाळांना वाचवण्यासाठी आहेत. तुरटी, क्लोरीन, कँडल फिल्टर, यूव्ही : यातले काहीही नायट्रेट काढत नाही.

आरओ काढते. पडदा ठीक असेल तर ९२ चे साधारण ९. पण तीन लिटरमागे एक लिटर पिण्याचे आणि दोन लिटर टाकाऊ; त्या टाकाऊ पाण्यात १३४. ते शोषखड्ड्यात किंवा कुंड्यांत सोडले की घूमफिरके पुन्हा आडात. ड्रेनेजलाच जोडायचे, आणि ते ड्रेनेज गळके नको.

रेझीनचे (पाण्यातले क्षार धरणाऱ्या दाण्यांचे) नळकांडे स्वस्त वाटते, पण साधे रेझीन नायट्रेटपेक्षा सल्फेटला जास्त धरते. रेझीन भरत आले की सल्फेट आधी धरलेले नायट्रेट ढकलून बाहेर काढते, आणि बाहेर येणारे पाणी आत जाणाऱ्यापेक्षाही वाईट होते. नायट्रेटसाठी खास बनवलेले रेझीन घ्यायचे, आणि वेळेवर मिठाच्या पाण्याने धुतले जाईल याची हमी नसेल तर घ्यायचेच नाही.

प्यायला नळाचे पाणी पुरत असेल तर एवढ्या खटाटोपाची गरजच नाही. आडाचे पाणी फ्लश, धुणे आणि झाडांना. ९२ च्या दहा हजार लिटरमध्ये २०८ ग्रॅम नत्र असते, म्हणजे साडेचारशे ग्रॅम युरियाइतके. सोसायटीच्या बागेला वेगळा युरिया घालणे आजच थांबवता येईल, आणि तेवढे नत्र पाण्यातून कमीही होईल.

१४ नोव्हेंबर

पावसानंतरचे नमुने. वि-१ ७०, वि-२ ६३, वि-४ ९७. बो-१ ५५, बो-२ २१, बो-४ ४९. बो-३ ८८ वरून ३१. आतल्या केसिंगने काम केले. ३१ हे एका हंगामाचे वाचन आहे. खोल थरात आधीच उतरलेले नायट्रेट निघायला वेळ लागेल, म्हणून मे महिन्याच्या आकड्याशिवाय हे बोअर ‘सुटले’ असे लिहून द्यायचे नाही.

वि-३ : प्राणवायू २.४. अमोनिया ७.५ वरून १.२. नायट्रेट ६ वरून २७.

सोसायटीच्या बैठकीत हा शेवटचा आकडा वाचला गेला आणि दुरुस्तीचा खर्च वाया गेला असा सूर निघाला. फळ्यावर मांडून दाखवले : ७.५ अमोनिया-नायट्रोजनाचे पूर्ण नायट्रेट झाले तर ३३ होते. हवा परत आली म्हणून जिवाणूंनी ते काम सुरू केले. सांडपाण्याचा पुरवठा थांबल्याची खूण म्हणजे क्लोराइड : २१० वरून १७२.

९ जानेवारी २०२५

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा वार्षिक गुणवत्ता अहवाल आला. देशभरातल्या नमुन्यांपैकी सुमारे वीस टक्के नायट्रेटच्या मर्यादेबाहेर. बाधित जिल्हे २०१७ मध्ये ३५९ होते, २०२३ मध्ये ४४०. महाराष्ट्रातल्या वर्धा, बुलढाणा, अमरावती यांसारख्या जिल्ह्यांची नावे ठळक आहेत. जिल्ह्याचे चित्र म्हणून ते मोलाचे. पेठेसाठी मात्र त्यावर विसंबता येणार नाही : इथे एकाच गल्लीत २१ आणि ९७ आहेत.

वि-३ : प्राणवायू ३.६, अमोनिया ०.३, म्हणजे मर्यादेच्या आत. क्लोराइड १६१. नायट्रेट ४१. पुढच्या दोन-तीन वाचनांत तो ४५ ओलांडेल, कारण आता त्यात वि-१ आणि वि-२ कडचे, बाकीच्या न बदललेल्या लाइनींचे पाणी येते आहे. तो ७० च्या आसपास स्थिरावला तर घाबरायचे नाही. त्याहून वर गेला किंवा अमोनिया पुन्हा ०.५ वर आला तर चेंबर उघडून पाहायचा.

‘पिण्यासाठी नाही’ ही पाटी वि-३ वर तशीच. रंग उडाला आहे, नवीन लावली. पाणीचाचणीसाठी पुढच्या लाइनी : वि-४ च्या उत्तरेच्या बोळातल्या तीन, चेंबर ते चेंबर, मार्चअखेर. डाट दोन्ही तपासून घ्यायचे. लहान डाटाचा व्हॉल्व्ह हवा सोडतो आहे.